बागेत पसरलेला बांबू मुळासकट कसा काढायचा

पहिल्या वेळी मी बांबू जमिनीलगत तोडला, काठ्या एका बाजूला रचल्या, पाला झाडून घेतला आणि कोयता पुसून ठेवून दिला. काम झालं असं खरंच वाटलं होतं. पुढच्या हंगामात कोंब आले. जुन्या जागी थोडे. हिरवळीत, फरशीच्या सांध्यात आणि गुलाबाच्या वाफ्यात जास्त. मग कुदळ घेऊन बसलो आणि दोन तास खणल्यावर कळलं, की मी नुसती हजामत केली होती. बांबू होता तिथेच होता, जमिनीखाली.

म्हणून हत्यार उचलण्याआधी खाली काय चाललेलं असतं ते पाहू. पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

जमिनीखालची कणगी

बांबू हे गवत आहे, फक्त लाकडासारखं कडक झालेलं. आपण जिला काठी म्हणतो तो त्याचा वर आलेला भाग. मातीत आडवं वाढणारं, पेरापेरांचं खोड असतं, त्याला बांबू लावणारे कंद म्हणतात. कंदाच्या पेरावर डोळा असतो. त्या डोळ्यातून वर कोंब तरी येतो, नाहीतर आडवा नवा कंद तरी फुटतो.

कोंब जमिनीतून डोकं काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. काठी पुढे वर्षानुवर्षं जाड होत नाही. उंचीही ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाठते, त्यानंतर वाढत नाही. अंगावर पान नसताना एवढी वाढ होते ती कंदात साठवलेल्या पिष्टावर. पानं उघडली की ती अन्न तयार करू लागतात आणि कंद पुन्हा भरतो.

मी कंदाला कणगी समजतो. कोंब वाढतो तेव्हा कणगीतून दाणे बाहेर पडतात, पानं उघडली की दाणे आत येतात. बांबू काढायच्या वाटा दोनच: एक तर सगळी कणगी उचलून बाहेर न्यायची, नाहीतर दाणे बाहेर पडू द्यायचे आणि आत एकही येऊ द्यायचा नाही. औषधं, ताडपत्री, यंत्रं ही सगळी यातल्याच एका वाटेची साधनं.

तुमचा बांबू पसरणारा की बेटाचा?

हे आधी ठरवा, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. बेटाच्या बांबूचा कंद आखूड, जाड आणि वर वळलेला असतो, आल्याच्या गड्ड्यासारखा. काठ्या एकमेकींना चिकटून येतात आणि बेट दरवर्षी थोडं थोडं रुंद होतं. पसरणाऱ्या बांबूचा कंद बोटाएवढा किंवा थोडा जाड, लांबलचक, पिवळसर आणि दोरीसारखा धावणारा असतो. त्याच्या काठ्या एकेकट्या, अंतरावर, पुष्कळदा एका ओळीत येतात. ती ओळ म्हणजे खालच्या कंदाचा नकाशाच. एका हंगामात असा कंद मीटरभर सहज जातो, मोकळ्या भुसभुशीत मातीत त्याहून पुष्कळ पुढे.

बागांमध्ये सर्वांत जास्त त्रास देणारा गट फायलोस्टॅकिसचा. तो ओळखायची एक सोपी खूण आहे. काठीवर फांदी जिथे फुटते तिथून वरच्या कांड्यावर अंगठा फिरवा. कांडं एका बाजूने सपाट किंवा पन्हळीसारखं खोलगट लागेल, आणि पुढच्या कांड्यावर ती पन्हळ विरुद्ध बाजूला असेल. प्रत्येक पेरावर बहुधा दोन फांद्या, एक मोठी, एक लहान. अशी पन्हळ सापडली तर पसरणाऱ्या बांबूशी गाठ आहे असं समजून चाला. तरी खात्रीसाठी एका काठीच्या बुडाशी हातभर खणून कंद डोळ्यांनी पाहाच.

बेटाचा बांबू असेल आणि तक्रार फक्त रुंदीची असेल, तर थांबा. दरवर्षी बाहेरच्या कडेने आलेले नवे कोंब मोडून टाकले की बेट आहे तेवढंच राहतं. सगळं बेट उखडण्याचे कष्ट पाहता माझा सल्ला आधी हाच असतो.

खणण्यापूर्वी

बांबू कुठवर गेलाय हे दिसणाऱ्या काठ्यांवरून ठरवू नका. शेवटच्या काठीच्या पुढे दोन मीटरपर्यंत ठिकठिकाणी पहार मारून किंवा कुदळीने चर पाडून पाहा. जिथे कंद लागेल तिथे खुंटी ठोका, खुंट्यांना दोरी बांधा. ही हद्द बहुतेक वेळा अंदाजापेक्षा मोठी निघते.

त्या हद्दीत पाण्याचा नळ, सांडपाण्याची वाहिनी, विजेची किंवा गॅसची लाइन आहे का ते नकाशात नाहीतर जाणकाराकडून आधी पाहून घ्या. पहार आंधळी असते.

बांबू कुंपणापलीकडून आला असेल किंवा पलीकडे गेला असेल तर शेजाऱ्यांशी बोलणं टाळू नका. एकाच कंदाची दोन टोकं दोन अंगणांत असतील तर तुम्ही इकडे उपाशी ठेवाल आणि तिकडची पानं त्याला जेवू घालतील. शेजारी तयार नसतील तर हद्दीवर चर खणून सगळे कंद तोडणं ही तुमची पहिली पायरी.

हत्यारं: कुदळ, टिकाव, धारदार फावडं, लांब पहार, लांब दांड्याची फांद्या छाटायची कात्री, दातेरी करवत, कोयता. बेट असेल तर कुऱ्हाडही. बांबूत वाळूतलाच घटक, सिलिका, भरपूर असतो; त्यात मातीचे कण. त्यामुळे धार पाहता पाहता जाते. कानस खिशात ठेवा. जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा आणि मजबूत बूट हवेतच. कोंबांवरच्या आवरणाची बारीक कुसं कातडीत घुसली की दोन दिवस खाजवत बसावं लागतं.

पहिली पायरी: काठ्या तोडणं

तोडणी कधीही करता येते, पण तिची सांगड कोंबांच्या हंगामाशी घातली तर पुढचं काम हलकं होतं. थंड हवेत पसरणारे बांबू वसंतात फुटतात. उष्ण आणि पावसाळी प्रदेशातली बेटं पावसाबरोबर फुटतात. त्याआधी काही आठवडे जागा मोकळी केली, की खणायला वाव मिळतो आणि नवे कोंब लगेच नजरेत भरतात.

आधी जाळीत पक्ष्यांची घरटी, गांधीलमाश्यांचं पोळं किंवा साप नाही ना ते काठीने आपटून, वाट पाहून तपासा. मग कडेच्या काठ्यांपासून आत जा. वाकलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या काठ्यांत जबरदस्त ताण असतो. तुटताच त्या उसळतात. उभं राहायचं ते वाकाच्या बाजूला, समोर कधीच नाही.

तोडताना दोन गोष्टी पाळा. काप आडवा, सपाट हवा. कोयत्याच्या तिरप्या घावाने जो खुंट उरतो तो भाल्यासारखा असतो. पाय पडला तर बुटाचा तळ फाडून आत जातो. दुसरं, काप पेराच्या लगेच वर घ्या. पेराच्या बऱ्याच वर कापलं तर पोकळ कांड्याची वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि डासांची सोय होते.

तोडलेली काठी पुन्हा उंच वाढत नाही. खुंटाच्या पेरातून बारीक हिरवी फूट मात्र येईल. ती पानं आहेत, म्हणजे कणगीत दाणे. दिसली की खुडा.

दुसरी पायरी: पसरणारा बांबू खणणं

हे सर्वांत कष्टाचं, आणि सर्वांत खात्रीचं. दिलासा एवढाच की पसरणाऱ्या बांबूचे बहुतेक कंद वरच्या ३० सेंटीमीटर मातीत असतात. मोकळ्या मातीत किंवा अडथळा आला तर ४५ ते ६० सेंटीमीटरपर्यंत जातात. विहीर खणायची नाही, पण क्षेत्र मोठं आहे.

आदल्या दिवशी जमीन चांगली भिजवा. कोरड्या मातीत कंद ओढला की मध्येच तुटतो, ओल्या मातीतून सरकत येतो. चिखल मात्र नको, त्यात काहीच दिसत नाही.

हद्दीभोवती आधी चर काढा, ३० ते ४५ सेंटीमीटर खोल. बाहेर जाणारा प्रत्येक कंद तिथे तुटेल आणि त्याची दिशा कळेल. मग आतला भाग दोरीने साधारण मीटरभराच्या चौकोनांत वाटा आणि एका वेळी एकच चौकोन घ्या. सगळीकडे थोडं थोडं उकरत फिरलं की कुठे झालं, कुठे राहिलं याचा पत्ताच लागत नाही. मी एक अख्खा रविवार असा घालवलाय.

चौकोनाच्या एका बाजूने खणायला लागा. कंद दिसला की लगेच छाटू नका. दोन्ही बाजूंची माती हाताने, खुरप्याने मोकळी करा, पहार खाली सरकवून उचला आणि त्याच्या दिशेने पुढे जा. कंदाला जागोजागी पेरं, प्रत्येक पेराभोवती तंतुमुळांची दाढी आणि एक टोकदार डोळा दिसेल. शेवटी पांढुरकं, आवरणात गुंडाळलेलं सुईसारखं टोक लागतं. ते टोक हाती आलं तर तो फाटा संपला. तुटून मागे राहिलं तर काठीची खूण ठेवा आणि त्याच जागी पुन्हा खणा.

कंद जिवंत आहे का हे कळायला कात्रीने आडवा काप घ्या. आत पांढरट-पिवळा, घट्ट आणि ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ, कुरकुरीत असेल तर मेलेला, त्याच्यामागे वेळ घालवू नका. चौकोन झाला की माती जाड जाळीतून चाळून टाका. डोळा असलेला बोटभर तुकडाही पुढे फुटू शकतो.

म्हणूनच माती फिरवणारं यंत्र इथे आणू नका. एका कंदाचे ते पन्नास तुकडे करून बागभर पेरतं. जेसीबीचं तसं नाही. जागा मोठी असेल आणि वाट असेल तर तो मातीचा थर उचलून द्यायला उत्तम, पण उचललेल्या मातीतून कंद हातानेच वेचावे लागतात आणि चाकाखालची जमीन दगडासारखी बसते.

खणता येत नसेल तर उपाशी ठेवा

झाडांची मुळं आहेत, उतार आहे, कंबर ऐकत नाही, अशा वेळी ही पद्धत. सगळ्या काठ्या तोडा आणि कोंबांची वाट पाहा. कोंब वर येऊ द्या, कारण त्याला वाढवताना कंद स्वतःचा साठा खर्च करतो. पण पानं उघडण्याआधी तो मोडायचा. कोवळा कोंब पायाने ढकलला तरी बुडाशी मोडतो. मी गुडघ्याएवढा किंवा कमरेएवढा झाला की मोडतो. त्याहून जास्त वाट पाहण्याचा मोह मला तरी परवडला नाही, एक आठवडा बाहेरगावी गेलो की पानं उघडलेली असायची.

हंगामात दर चार-पाच दिवसांनी फेरी हवी. मोठ्या कोंबांची लाट ओसरली की गवतासारखी बारीक फूट येते, तीही काढायची. जागा सपाट असेल तर गवत कापायचं यंत्र नियमित फिरवणं हीच पद्धत आहे. दोन ते तीन वर्षं धरून चाला. दुसऱ्या हंगामात कोंब पेन्सिलीएवढे बारीक झाले तर कणगी रिकामी होत आलीय. एक हंगाम दुर्लक्ष झालं तर मात्र गेलं वर्ष फुकट.

झाकून मारणं हा याचाच भाऊ. अपारदर्शक, जाड ताडपत्री हद्दीच्या पुढे निदान मीटरभर जाईल अशी पसरून कडा चरात गाडा. पातळ प्लास्टिक कोंब सरळ भोसकून वर येतात. ताडपत्री फुगली की उचलून कोंब मोडा, पुन्हा झाका. एकट्या ताडपत्रीवर विसंबू नका. कंद कडेने बाहेर डोकं काढतो.

बेट उखडणं

बेटात जिवंत, फुटणारा भाग बाहेरच्या कडेला असतो. मध्ये जुने, बरेचदा मेलेले गड्डे. म्हणून काम बाहेरून आत करा. काठ्या गुडघ्याएवढ्या ठेवून तोडा, त्या पुढे पकड म्हणून उपयोगी पडतात. बेटाभोवती ६० सेंटीमीटरचा चर काढा. प्रत्येक गड्डा शेजारच्याला एका अरुंद मानेने जोडलेला असतो. माती बाजूला करून ती मान शोधा, कुऱ्हाडीने किंवा पहारेच्या धारेने तोडा आणि गड्डा खुंटाला धरून हलवत उचला. भलत्या ठिकाणी शंभर घाव घालण्यापेक्षा मानेवरचे पाच पुरतात. एक फोड सुटली की पुढचं काम हळूहळू सोपं होतं, केकचा पहिला तुकडा काढल्यासारखं.

मोठं, जुनं बेट हाताने काढणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. तिथे यंत्र आणि ते चालवणारा अनुभवी माणूस हवा. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढण्याचा बेत असेल तर साखळी तुटल्यास काय होईल याचा विचार आधी करा, आणि मग तो बेत सोडा.

तणनाशक वापरायचंच असेल तर

मी ते शेवटी ठेवतो: फरशीखाली गेलेला कंद, भिंतीलगतची फट, जिथे कुदळ पोचत नाही. यासाठी सर्वसाधारणपणे ग्लायफोसेट वापरतात. ते पानांतून किंवा ताज्या कापातून आत शिरतं आणि अन्नाच्या प्रवाहाबरोबर कंदाकडे उतरतं. यातच वेळेचं उत्तर आहे. कोंब वर चढत असताना प्रवाह वर असतो, तेव्हा औषध खाली जात नाही. नव्या फुटीची पानं पूर्ण उघडून कंदाकडे अन्न परतू लागलं, म्हणजे वाढीच्या हंगामाच्या उत्तरार्धात, की परिणाम होतो. खुंटावर लावायचं तर काप घेतल्यावर काही मिनिटांतच ब्रशने लावा. काप सुकला की उपयोग नाही.

एका फवाऱ्यात बांबू मरत नाही. पुन्हा फुटेल, पुन्हा द्यावं लागेल. ग्लायफोसेट गवत-झाड असा भेद करत नाही, त्यामुळे वारा असताना फवारू नका. कंद शेजारच्या बांबूला जोडलेला असेल तर त्यालाही इजा होऊ शकते. तळ्याकाठी किंवा ओढ्याजवळ साधी तणनाशकं वापरू नका, त्यांतली काही मिश्रणं पाण्यातल्या जिवांना घातक असतात. प्रमाण डब्यावरच्या लेबलाप्रमाणे, आणि तुमच्याकडे ते वापरायला परवानगी आहे का हे आधी पाहा. औषध मारलेल्या जागेतले कोंब खायचे नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

मीठ, डिझेल, ॲसिड यांचे सल्ले कानावर येतील. मिठाने माती बिघडते आणि खोलवरचा कंद तसाच राहतो. डिझेल जमिनीत मुरतं, भूजलापर्यंत जाऊ शकतं. उभा बांबू जाळणं तर धोक्याचंच: बंद कांड्यांतली हवा आणि वाफ तापून ती फटाक्यासारखी फुटतात, आणि खालचा कंद मातीच्या पांघरुणात सुखरूप.

काढलेल्याचं काय करायचं

इथेच माझी दुसरी चूक झाली. खणलेले कंद सावलीत, झाडाखाली ढीग करून ठेवले. पाऊस पडला आणि ढिगातून हिरवे कोंब डोकावले, खाली मातीत मुळंही धरली होती. तेव्हापासून कंद सिमेंटच्या फरशीवर किंवा पत्र्यावर, मातीपासून दूर, उन्हात पसरतो. काही आठवड्यांनी वाकवल्यावर कडकन मोडले, आत ओल दिसली नाही, तरच टाकायचे. कंपोस्टमध्ये जिवंत कंद कधीच नाही.

काठ्या उपयोगाच्या असतात, पण वेलींना आधार म्हणून त्या हिरव्या असताना रोवू नका. उष्ण प्रदेशातल्या काही जाती, विशेषतः पिवळ्या काठीचा बागेतला बांबू, हिरव्या काठीलाच मुळं फोडतात. एक बांबू काढताना दुसरा लावून बसाल. आधी पूर्ण वाळवा.

पुन्हा आत येऊ नये म्हणून

पलीकडे बांबू राहणार असेल तर हद्दीवर अडसर हवा. त्यासाठी दीड मिलीमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक, ६० ते ७५ सेंटीमीटर खोल उभं गाडतात. वरची कड जमिनीवर ५ सेंटीमीटर दिसत राहू द्या आणि पत्रा असा कलता ठेवा की त्याचा माथा बांबूपासून दूर झुकेल. कंद धडकला की खाली न जाता वर वळतो आणि कडेवर दिसतो. जोड ढिला राहिला तर कंद नेमका तिथूनच येईल, त्यामुळे दोन टोकं एकमेकांवर भरपूर चढवून घट्ट आवळा. सिमेंटच्या भिंतीला पुढेमागे तडा जातो, तडा गेला की तिचा उपयोग संपला.

खर्च नको असेल तर ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल चर काढून त्यात भुसभुशीत पालापाचोळा भरा. वर्षातून दोनदा हात घालून आडवे आलेले कंद कात्रीने तोडायचे. मला हेच जास्त आवडतं, कारण दिसतं.

मोकळी जागा लगेच भरू नका

खणलेली माती बसते, तेव्हा वरून भर घालावी लागेल. त्या जागी निदान दोन हंगाम फक्त हिरवळ ठेवा किंवा ती उघडी राहू द्या. झुडपं आणि फुलझाडं लावली की त्यांच्या आड कोंब लपतात, आणि त्यांची मुळं न दुखवता कंद खणता येत नाही. कोंबांच्या हंगामात आठवड्यातून एकदा, सकाळच्या तिरप्या उन्हात चक्कर मारा. टोकदार कोंबांची सावली तेव्हा लांब पडते आणि नजर चुकत नाही. कोंब दिसला तर नुसता मोडून पुढे जाऊ नका. खुरपं घेऊन खाली जा, तो ज्या तुकड्यातून आलाय तो बाहेर काढा. असा वीतभर तुकडा मला तिसऱ्या वर्षी फरशीच्या कडेला सापडला. त्यानंतरचा पूर्ण हंगाम कोरा गेला तेव्हा तिथे लिंबाचं रोप लावलं.